डाव्या खांद्यातला अर्धा इंच

शिंप्याला माणसं चेहऱ्याआधी मापावरून कळत. दुकानासमोरून कोणी पाठमोरं गेलं, की मशीन न थांबवता म्हणायचा, "छाती बेचाळीस, उजवा हात लांब."

त्याच्या धाकट्या भावाचा डावा खांदा जन्मापासून अर्धा इंच उतरलेला. आई त्याला रस्त्याच्या टोकावरून त्या खांद्यावरूनच ओळखायची. माप देताना तो घडीभर स्वस्थ उभा राहील तर शपथ.

"हलू नको रे, माकडा."

"दादा, तुला गिऱ्हाईक म्हणून पुतळेच हवेत."

भाऊ सैन्यात लागला आणि परक्या मुलखात, परक्यांची भांडणं सोडवायला गेला. तिथे मारला गेला. भांडणं सुटली की नाही, ते कोणी कळवलं नाही. पेटी आली, ती उघडू नका असं सांगण्यात आलं. वर्षभराने गावाने चौकात पुतळा बसवायचं ठरवलं.

मूर्तिकाराने फोटोवरून मातीचा पुतळा उभा केला. नाकडोळे हुबेहूब. तो दाखवायला शिंपी आणि गावाच्या पुतळा समितीचे अध्यक्ष आईला मूर्तिकाराकडे घेऊन गेले. तिने चष्मा पुसून पाहिलं.

"छान झालाय," ती म्हणाली. "कोणाचा?"

मूर्तिकाराचा चेहरा पडला. शिंप्याचा त्याहून जास्त, कारण चूक कोणाची ते त्याला तिथल्या तिथे कळलं. भाऊ निघाला तेव्हा फोटोसाठी नवा कोट यानेच शिवला होता, आणि डाव्या खांद्यात अर्धा इंच कापूस भरला होता. पंचक्रोशीत असा सफाईदार हात दुसरा नव्हता. फोटोत भाऊ ताठ दिसत होता आणि भावासारखा दिसत नव्हता.

"खांदा उतरवा," शिंपी म्हणाला. "ती माझी कारागिरी आहे, त्याची नव्हे."

समितीचे अध्यक्ष दचकले. "सैनिक, आणि खांदा पडलेला? लोक काय म्हणतील?"

"भरतीवाल्यांनी उघडा उभा करून बघितला, तरी घेतला. तुम्हाला तर नुसता चौकात उभा करायचाय."

अध्यक्षांना खोकला आला. मूर्तिकाराने माती कापायची तार शिंप्याच्या हातात दिली. शिंप्याने खांद्यावरची ओली माती कापली, अंगठ्याने कड सारखी केली. आई उठून दारापर्यंत गेली आणि तिने लांबून वळून पाहिलं.

"हां," ती म्हणाली. "हाच. नीट उभा राहा म्हणून घसा सुकला माझा."

मग शिंप्याने गळ्यातली टेप काढून खांद्याला लावली. "हलू नको," सवयीने तोंडातून गेलं.

भाऊ हलला नाही.

अर्धा इंच बरोबर भरला. तरी शिंप्याने माप तीनदा घेतलं.