रस्त्याच्या पलीकडचं मत

अरविंदच्या घरून नलूवहिनींचा फोन आला तेव्हा मी पोहे ताटलीत वाढून घेतले होते. "भाऊजी, हे गेले हो…" एवढंच म्हणाल्या. मी रस्ता ओलांडून समोर गेलो. दुपारी परत आलो आणि तेच गार पोहे खाल्ले. आता काही आठवडे झाले, तरी रडू आलेलं नाही. याचा माझा मलाच राग येतो.

अरविंद आणि मी लीड्सच्या एकाच हॉस्पिटलात लागलो, पुढे शहराच्या कडेला समोरासमोर घरं घेतली. पहिल्या निवडणुकीला आम्ही घरीच बसलो. राष्ट्रकुलातले म्हणून भारतीय पासपोर्टवरही इथे मत देता येतं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. वॉर्डातल्या सिस्टरनी आमची चांगलीच खरडपट्टी काढली. तेव्हापासून हा गडी आमच्या मतदारसंघाच्या इतिहासात शिरला तो शिरलाच. जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावं लागे: एक गाव लोकरीच्या गिरण्यांचं, दुसरं कोळशाच्या खाणींचं, एकमेकांशी पटत नसताना दोघांना एकाच खासदाराच्या गळ्यात बांधलेलं. "ठरवून केलेलं लग्न रे," तो म्हणायचा, "पण टिकलं की नाही?"

आमचं राजकारणात कधीच जुळलं नाही. तो एका पक्षाचा, मी दुसऱ्या. तरी निवडणुकीच्या सकाळी तो माझी बेल दाबायचा, ती मी दार उघडेपर्यंत.

"अरे, तुझं मत माझं खोडतं, माझं तुझं. बेरीज शून्य. त्यापेक्षा घरी बसून चहा पिऊ," मी म्हणायचो.

"आणि तू मागच्या दारानं जाऊन आलास तर? बूट घाल."

मग फेररचनेत तो मतदारसंघच मोडीत काढायचं ठरलं. नवी हद्दीची रेघ नेमकी आमच्या रस्त्यातून गेली: त्याचं घर एका मतदारसंघात, माझं दुसऱ्या. त्यावरच्या जाहीर सुनावणीला अरविंद टाय लावून उभा राहिला. गिरण्या, खाणी सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "माय नेबर अँड आय हॅव ऑलवेज डिसअग्रीड हिअर. प्लीज डोंट सेपरेट अस." लोक हसले. तो हसला नाही. नवी रेघ मात्र जिथल्या तिथे राहिली.

"तरी बेल वाजवणारच," घरी येताना ट्रेनमध्ये म्हणाला. "तुला तुझ्या केंद्रावर पोचवीन, मग माझ्या जाईन."

नव्या मतदारसंघातली पहिली निवडणूक आता येईल. त्या सकाळी मी बूट घालून दाराशी बसेन बहुधा… सवय. माझं मत या वेळी कोणी खोडणार नाही, पुरतं मोजलं जाईल. मला ते नको आहे.