बहिणीला कॉलेज दाखवायला नेलं तो दिवस

मुरब्यात, आमच्या कोळ्यांच्या गावात, पहिला बी.ए. झालो तो मी. हे सांगताना मी कधी लाजलो नाही, आजही लाजत नाही. ज्या घरात चार पिढ्या अंगठा उठवत आल्या, त्या घरातला मी सही करतो, आणि ती वळणदार करतो.

पण दुसरं कोणी झालं नाही. निदान आमच्या घरातून तरी नाही. ते कसं राहिलं तेवढंच सांगतो.

तेव्हा तारापूरकडे वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं आणि मी बोईसरला एका ठेकेदाराच्या कचेरीत कारकून होतो. माझ्या शेजारच्या टेबलावर घाटावरून आलेली एक मुलगी टाइप करायची. डोक्यावर पंखा, हाताशी पाण्याचा तांब्या. आणि समोरच्या खिडकीतून आमच्याच भागातल्या मुली दिसायच्या, डोक्यावर घमेली घेतलेल्या. मुकादम ओरडायचा, "चलो, चलो, जल्दी!" डबा खाताना मी त्या खिडकीकडे पाठ करून बसायचो. माझी धाकटी बहीण त्या वर्षी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, पास झाली होती, आणि पालघरला नुकतंच कॉलेज निघालं होतं. तिला मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसवणार, असं मी ठरवून टाकलं.

वडिलांकडे विषय काढला. मे सरत आला होता. होडी किनाऱ्यावर ओढलेली होती आणि ते तिला माडाच्या झापांनी शाकारत होते. वर न बघताच म्हणाले, "तुज्या आयसचे पाय गेले. आता बाजाराची टोपली कोन उचलंल? तू? बी.ए.ची टोपी घालून?"

"मी पगार देतो ना घरात."

"पगार डोक्यावर बसून बाजारात जात नाय." मग जरा थांबून म्हणाले, "तिला ने, कालेज दाव. ती आपल्या तोंडानं हो म्हनली तर धाडीन. तिच्या तोंडानं हां, सायब. तुज्या नाय."

एवढं मिळालं तेच पुष्कळ होतं. कचेरीतल्या साताऱ्याकडच्या एका सहकाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "नुसत्या भिंती दाखवून पोरगी हो म्हणेल होय? आधी खुलव तिला. फिरव, खायला घाल. तिला वाटलं पाहिजे, शिकणं म्हणजे मजा हाय." मला पटलं. मी तिच्यासाठी पाचवारी पातळ आणलं आणि दिवसाचा सगळा बेत मनात पक्का केला.

कॉलेज उघडलं तरी त्या वर्षी पाऊस लांबला होता. निघायच्या दिवशी आईने एक गाठोडं बहिणीच्या हातात दिलं. पावसाळ्यासाठी राखून ठेवलेले बोंबील, त्यातले निवडून काढलेले, कडकडीत वाळलेले, पांढरेशुभ्र. "मोट्या मास्तराकडं रिकाम्या हातानं जात नाय," ती म्हणाली. मी म्हटलं, आई, ते खात असतील-नसतील. ती म्हणाली, "न खाया काय झालं? मुरब्याचे हायत." आमच्याकडे कोणाच्या दारात काम घेऊन जायचं तर हातात म्हावरं, थोडी का होईना मासळी, असतंच. त्याविना गेलेल्याला लोक भिकारी म्हणतात. गाठोडं बरोबर आलं.

खाडी ओलांडून सातपाटी, तिथून एसटीने पालघर. बहीण नव्या पातळात पायात जाळं अडकल्यासारखी चालत होती. पण टांग्यात बसली आणि खुलली. घोड्याच्या गळ्यातल्या घुंगरांबरोबर मान हलवायला लागली. हॉटेलात गोटीची सोडा-बाटली फुटल्यासारखा आवाज करून उघडली तशी ती किंचाळली, आणि मग त्या हॉटेलवाल्याला म्हणाली, "मामा, परत एकदा करा ना." फोटोच्या दुकानात गेलो. तिचा तो आयुष्यातला पहिला फोटो. फोटोवाला म्हणाला, "बाई, श्वास घ्या, मेला नाहीत तुम्ही." ती हसली आणि त्याने तेवढ्यात फोटो काढला. गाठोडं तिने फोटोतही मांडीवरून खाली ठेवलं नाही.

कॉलेजच्या दारापर्यंत सगळं माझ्या मनासारखं झालं होतं.

आवारात चिंचेचं मोठं झाड होतं. तिथे ती थबकली. "दादा, तू आत जा. म्हावऱ्याचा वास यील. बोलावलंस की येते." कोणी तिला काही बोललं नव्हतं. बाहेर थांब असं तर कोणीच म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर मी भांडलो असतो, भांडायला मी कमी नव्हतो.

आत प्राचार्य चांगले माणूस निघाले. मी मुरब्याचा म्हटल्यावर त्यांनी खुर्ची दिली. म्हणाले, किनाऱ्यावरच्या मुलींनी यावं म्हणून तर आमची धडपड आहे, फीचंही बघू. माझ्या छातीत काहीतरी उंच उंच चढत होतं. म्हणाले, "बोलवा की तिला, वर्ग दाखवू." आणि स्वतःच माझ्याबरोबर व्हरांड्यात आले.

चिंचेखाली माणसं जमली होती.

पाऊस जवळ आला की हवा दमट होते, आणि वाळलेले बोंबील गाठोड्यात बांधून राहिले की ओलसर पडतात. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. माझी बहीण चालायला लागली तेव्हापासून तिचं काम एकच, बोंबील उन्हाला पसरायचे आणि काठी घेऊन कावळे हाकलायचे. तेच तिने केलं. सावलीच्या बाहेर उन्हात फडकं पसरलं, बोंबील मांडले, चिंचेची डहाळी तोडून हातात घेतली आणि बसली. जाणाऱ्या-येणाऱ्याला काय दिसणार? कोळीण बसलीय बाजार मांडून. कोणीतरी विचारलं, काय भाव? आणि तिच्या तोंडातून आईच बोलली.

मी पोचलो तेव्हा एका बाईंशी तिची घासाघीस चालली होती. नवं पातळ तिने गुडघ्यापर्यंत वर खोचलं होतं.

"एवढ्याला नाय परवडत बाय."

"सातपाटीवाली देते की."

"मंग तिचेच खावा. आनि संध्याकाळी पोट दुकलं तर मुरब्याला या." बघणारी सगळी हसली. बाई हसली आणि तिने राहिलेले सगळे उचलले.

बहिणीने मला बघितलं. सकाळपासून मी तिला खुलवत होतो, पण तो चेहरा मी सकाळपासून पाहिला नव्हता. "दादा! सगले गेले! एक नाय उरला!"

प्राचार्यही हसले. मनापासून म्हणाले, "हुशार आहे हो तुमची बहीण." मग तिला म्हणाले, "ये बाळ, आत ये. वर्ग बघ, वाचनालय बघ."

ती उठली. फडकं झटकलं, घडी केली. दोन्ही हात पाठीमागे घेतले. "नको. हातांना वास येतो."

"हात धुता येतात," ते म्हणाले.

"हा नाय जात."

एवढंच. ती लाजून म्हणाली नाही, रडूनही नाही. भरती कधी येते ते जसं कोणी सांगेल तसं सांगितलं. मी पुष्कळ समजावलं. तिने व्हरांड्याच्या पायरीला पाय लावला नाही. आतल्या वर्गात कोणीतरी मोठ्याने शिकवत होतं, ते ती बाहेरून ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "चल ना, उशीर होतो."

परतताना मी तिला शिरगावला उतरवलं. बेतात किल्ला होता. तिथे एक ताडाचं झाड आहे, त्याला फांद्या फुटल्या आहेत. ताडाला फांद्या फुटत नाहीत, पण त्याला फुटल्या. ते दाखवून मी तिला काय सांगणार होतो ते मी घरून पाठ करून आलो होतो. ती मान वर करून त्या झाडाकडे बघत राहिली आणि ते पाठ केलेलं मी सोडून दिलं. शेवटी नुसतं म्हटलं, "घरी हो म्हण. वाटलं तर खोटं म्हण. एक वर्ष बसून बघ."

"मी वर्गात बसले तर टोपली कोन न्यील? तुजी बायको?"

"कुठाय माझी बायको?"

"तेच तर!" ती हसली. मग झाडाकडेच बघत म्हणाली, "तू शिकत व्हतास तवा आयस म्हनायची, त्याला शिकू दे, मी हाय. आता आयस नाय म्हनत."

याच्यावर बी.ए.ला काही शिकवलेलं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा वडील ओट्यावर वाटच बघत होते. मला त्यांनी हाताने गप्प केलं. "पोरी, सांग. कसं हाय कालेज?"

तिने घोडा सांगितला, सोड्याची गोटी सांगितली, फोटोवाला सांगितला. आई हसून हसून डोळे पुसत होती. मग वडील म्हणाले, "हे झालं. कालेज?"

"चांगलं हाय," बहीण म्हणाली. क्षणभर माझ्या जीवात जीव आला. "चिंचेखाली सावली हाय. मानसं चांगली हायत, भाव करतात पन घेतात." आणि पदराची गाठ सोडून त्यातले पैसे तिने आईपुढे ठेवले.

आईने पैशांकडे पाहिलं नाही. तिला म्हणाली, "ते मास्तराला दिले व्हते गं." पण वडिलांनी मांडीवर थाप मारली. "बघ, सायब! म्या म्हनलो व्हतो, तिच्या तोंडानं. गेली का नाय कालेजात? धंदा करून आली!"

मी उठून किनाऱ्यावर गेलो. शाकारलेल्या होड्या ओळीने पडल्या होत्या. कोणावर रागवावं ते ठरवत बसलो. वडिलांवर? आईच्या पायांवर? त्या भल्या माणसावर, ज्याने तिला बाळ म्हटलं? एकही नाव सापडलं नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं.

पाऊस संपल्यावर ती जायला लागली. पालघरच्या बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन आधी कॉलेज, मग बाजार. दोन-तीन वर्षं गेली. पुढे एकदा मी काही कामाने तिथे गेलो होतो. ती चिंचेखाली बसली होती, टोपलीवर फडकं, हातात डहाळी. पुस्तकं छातीशी धरलेल्या दोन मुली तिच्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "मावशी, आज सुकट नाही आणली?"

वयाने त्या तिच्यापेक्षा फार लहान नव्हत्या.