एकतीस फोटो आणि दोन इंच मॅटर

साहेबांचा फोटो आठ फुटांचा ठेवायचा की सहा, यावर आमचं अडलं होतं. साहेब म्हणजे भीमाकाठ एफसी या आमच्या फुटबॉल क्लबचे सीईओ. आणि फ्लेक्स होता त्यांनी खुर्ची सोडावी या मागणीचा. तरीही त्यांचा फोटो मोठाच हवा, यावर माझ्या दुकानात जमलेल्या सगळ्यांचं एकमत होतं.

"ज्याचा इषय हाय त्याचा फोटू मोठा पायजे," बाप्पू म्हणाले. "न्हाईतर लोकान्ला कळायचं कसं?"

बाप्पू वरवंडचे गुळाचे व्यापारी आणि आमच्या फॅन क्लबचे अध्यक्ष. मी विलास. दौंडला बावीस वर्षं माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, उद्घाटन, दशक्रिया, सगळं करतो. तालुक्यातल्या निम्म्या चेहऱ्यांचं बॅकग्राउंड मी उडवलेलं आहे. बॅकग्राउंड उडवणं म्हणजे फोटोतल्या माणसामागची भिंत, वाळत घातलेले कपडे आणि मध्येच मान घातलेला मेहुणा काढून टाकणं. या कामात माझा हात कुणी धरणार नाही, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असतो.

क्लबची गोष्ट अशी. पुण्याच्या एका बिल्डरनं हौसेनं तो काढला. पगारी खेळाडू आणले, आणि घरच्या मॅचेस दौंडच्या मैदानावर ठेवल्या. पहिल्या वर्षी आम्ही जिंकत होतो. मग मालकांनी कारभार सीईओंच्या हाती दिला. साहेबांनी चांगले दोन फॉरवर्ड सोडून दिले, जर्सीचा रंग बदलला, मॅचच्या आधी डीजे सुरू केला. त्या सीझनला पहिल्या सात मॅचेसपैकी सहा हरलो आणि एक बरोबरीत सुटली. बरोबरी झाली त्या दिवशी समोरच्या टीमचा गोलकीपर आजारी होता.

याचं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडायचं होतं. साहेबांनी कोच सायमन सरांचं डोकं निवडलं. सायमन सर रेल्वेतून रिटायर झालेले. दौंडच्या दोन पिढ्यांना त्यांनी चेंडूला पाय लावायला शिकवलं. मलाही चार वर्षं बचावफळीत राईट बॅकला खेळवलं, म्हणजे त्यांची सहनशक्ती किती असेल बघा. शुक्रवारी मैदानावरच्या माळीमामांकडून बातमी आली, की रविवारच्या मॅचला मालक येणार आहेत आणि त्या आठवड्यातच सरांना नारळ मिळणार. त्याआधी आमचं म्हणणं मालकांच्या डोळ्यांसमोर यायला हवं होतं. मी म्हणालो, "फ्लेक्स लावू." हत्यार म्हणून माझ्याकडे दुसरं होतंच काय?

आता मॅटर. आमच्या धंद्यात फ्लेक्सवरच्या मजकुराला मॅटर म्हणतात. मी पहिलं लिहिलं ते असं होतं: 'सायमन सर राहतील, सीईओ जातील.' बाप्पूंनी ते दोनदा वाचलं.

"लई तोडून लिवलंय. आपल्याला त्यांच्याच गेटातनं आत जायचंय."

मग प्रत्येकानं थोडी थोडी माया घातली. शेवटी मॅटर असं झालं: 'मा. सीईओ साहेब, संघाच्या आजच्या अवस्थेस आपण जबाबदार आहात. तरी सायमन सरांना हटवण्याऐवजी आपण पायउतार व्हावे, ही नम्र विनंती.' यातलं 'मा. सीईओ साहेब' तेवढं वर मोठ्या अक्षरात घ्यायचं ठरलं, कारण पदाचा मान राखला पाहिजे.

त्यानंतर फोटो. "कोण बोलतंय ते दिसलं पायजे. निनावी काम आपलं न्हाई," बाप्पू म्हणाले. संध्याकाळपर्यंत माझ्या मोबाईलवर माझा धरून एकतीस फोटो जमले. वरवंड, पाटस, कासुर्डी, थेट शिरूरहून पाच. कुणी गॉगल लावलेला, कुणी कानाला फोन लावलेला, एक जण लग्नातल्या फेट्यात. फ्लेक्सच्या तळाला अशा फोटोंची जी ओळ असते तिला आम्ही शुभेच्छुक पट्टी म्हणतो. इथं शुभेच्छा नव्हत्या, म्हणून मी 'समस्त फुटबॉलप्रेमी' असं लिहिलं. पट्टी एका ओळीत मावेना. दोन ओळी केल्या. बाप्पूंचा फोटो अध्यक्ष म्हणून दुप्पट घेतला. माझाही दुप्पट घेतला, कारण डिझाइन माझं होतं.

वेळ कमी होता, म्हणून नवं काही न करता वाढदिवसाची तयार फाईल उघडली. सोनेरी बॉर्डर, झेंडूचं तोरण, डोक्यामागून फाकणारी किरणं. केक तेवढा काढला.

वीस बाय दहाच्या फ्लेक्सवर वर साहेब आणि खाली आम्ही बसल्यावर मॅटरला उरली एक पट्टी. अक्षर आलं दोन इंचांचं. धंद्यातला साधा नियम आहे, की दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर निदान एक इंच हवं. फ्लेक्स लागणार होता गेटासमोर, रस्त्याच्या पलीकडे. म्हणजे साठ फूट. म्हणजे सहा इंच. हा नियम मी गिऱ्हाइकांना बावीस वर्षं ऐकवतो आहे. त्या दिवशीही तो मला पाठ होता. पण अक्षर मोठं करायचं तर माझा फोटो लहान करावा लागत होता. म्हटलं, ज्याला वाचायचंय तो जवळ येऊन वाचेल. आणि प्रिंट मारली.

रविवारी सकाळी फ्लेक्स चढवला. मॅच दुपारी चारला. तीनपासून आम्ही एकतीस जण फ्लेक्सखाली रांगेनं उभे. बाप्पूंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मालकांसमोर काय बोलायचं ते त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं.

आधी सीईओ साहेबांची गाडी आली. गेटाशी थांबली. साहेब उतरले, समोर पाहिलं आणि जागीच थबकले. साहेबांनी गॉगल काढला, उजवा हात छातीवर ठेवला. मग आमच्याकडे पाठ करून मोबाईल वर धरला आणि फ्लेक्ससकट स्वतःचा सेल्फी काढला.

"अरे, थँक यू! खरंच याची काही गरज नव्हती," ते रस्त्यापलीकडून म्हणाले आणि त्यांनी हात जोडले.

आमच्याकडे समोरच्यानं हात जोडले की आपले आपोआप जोडले जातात. एकतीस जणांनी हात जोडले. त्यात मीही होतो.

मी मान वर करून माझं काम पाहिलं. तोरणाखाली हसणारे साहेब, वर ठळक 'मा. सीईओ साहेब', खाली दोन ओळी शुभेच्छुक. मध्ये काहीतरी बारीक छापलेलं होतं, नेहमी असतं तसं. बावीस वर्षांत इतका स्वच्छ वाढदिवसाचा फ्लेक्स माझ्या हातून झाला नव्हता. थोड्या वेळानं मालक आले. साहेबांनी त्यांना गाडीत बसल्या जागीच तो दाखवला. मालकांनी मान डोलावली आणि गाडी आत गेली.

"बाप्पू, जाऊन सांगा की," मी म्हणालो.

"थांब, गर्दीत न्हाई. आत गेल्याव बोलू."

आत गेल्यावर एक माणूस निरोप घेऊन आला, की साहेबांनी तुम्हा सगळ्यांना व्हीआयपीत बोलावलंय. आमच्यात चर्चा झाली. ती साधारण अर्धा मिनिट चालली. "तिथं बसूनच जाब इचारू. मालकबी तिथंच हायती," बाप्पू म्हणाले, आणि सगळ्यांना ते पटलं. व्हीआयपीत सोफे होते, पंखे होते, समोसे आणि काजू कतली होती. मालक पलीकडच्या टोकाला, मध्ये त्यांची माणसं. जाब कुणी विचारला नाही. बाप्पूंचा कागद खिशातच राहिला.

दुसरा गोल खाल्ला तेव्हा सायमन सर लाईनवर उभे होते. गोल झाला की ते मागे वळून आम्ही बसतो त्या पायऱ्यांकडे बघतात, ही त्यांची सवय. आम्ही तिथून ओरडतो, "होतंय, सर!" त्या दिवशी पायऱ्यांवर आमच्यातलं कुणी नव्हतं. त्यांची नजर फिरत फिरत व्हीआयपीकडे आली आणि माझ्यावर थांबली. माझ्या हातात अर्धा समोसा होता. मला आयुष्यात इतकी लाज क्वचित वाटली असेल. सर मैदानाकडे वळले. मी समोसा ठेवून दिला. नंतर खाल्ला, तेही सांगून टाकतो.

संध्याकाळी क्लबच्या पेजवर माझा फ्लेक्स झळकला. खाली ओळ होती: 'चाहत्यांचा आमच्या नेतृत्वावर विश्वास.' सोमवारी बातमी आली, की सीईओंना आणखी दोन वर्षं वाढवून दिली. कोचचा निर्णय गुरुवारी.

मंगळवारी मी कुणाला न विचारता दुसरा फ्लेक्स केला आणि गेटासमोर लावला. पांढऱ्यावर काळी अक्षरं, फूटभर उंच: 'सायमन सर राहतील, सीईओ जातील.' फोटो एकही नाही. चालत्या एसटीतून वाचता येत होता. कारागिरी म्हणून विचाराल तर माझं ते सगळ्यात चांगलं काम.

त्याची कुणी दखलच घेतली नाही. "नाव नाही, फोटो नाही. कुणीतरी खोडसाळपणा केलाय," असं साहेबांनी मालकांना सांगितल्याचं माळीमामांकडून कळलं. मी बाप्पूंना फोन लावला.

"बरोबरच हाय त्यांचं," बाप्पू म्हणाले. "एकतीस तोंडं त्या फ्लेक्साव हायती, आन् तुझ्या ह्या फ्लेक्साव एक न्हाई. लोकं कुणाचं ऐकत्याल?"

"मग आपण एकतीस जण मालकांना जाऊन भेटू."

"शिरूरची पोरं न्हाई म्हणत्यात. पुढल्या मॅचलाबी व्हीआयपीचं बघतो म्हणालेत सायेब."

"आणि तुम्ही?"

"माझं गुडघं दुखत्यात, विलास. मैदानातल्या पायऱ्या चढवत न्हाईत आता."

बुधवारी मी एकटाच गेलो. मालकांची साईट कासुर्डीच्या पुढे, हायवेला होती. पत्र्याच्या ऑफिसात ते नकाशे बघत बसले होते. मी लॅपटॉप उघडून मूळ फाईल समोर ठेवली.

"रविवारचा फ्लेक्स माझा आहे," मी म्हणालो. "तो कौतुकाचा नव्हता."

त्यांनी पाहिलं. "मला तर कौतुकाचाच दिसतोय."

मी मॅटरवर झूम केलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. 'नम्र विनंती'पाशी परत मागे गेले आणि पुन्हा वाचलं.

"मग हे दिसलं का नाही?"

"दोन इंचांत आहे. सहा इंच हवं होतं."

"जागा नव्हती?"

"जागा होती," मी म्हणालो. "तिथं मी आहे."

त्यांनी पट्टीतला माझा फोटो पाहिला, मग मला पाहिलं. "तुम्ही धंद्यानं काय करता?"

"फ्लेक्स."

ते बराच वेळ हसले. मला हसू येत नव्हतं. मी सरांबद्दल सांगत राहिलो. कोणत्या मुलाला त्यांनी कुठून आणलं, कोणाला बूट घेऊन दिले, कोणते दोन खेळाडू त्यांना न विचारता सोडले. बोलताना आवाज चढला, तो मी उतरवला नाही. ऐकून झाल्यावर मालक म्हणाले, "सीईओंचं लेटर सही होऊन गेलंय. तुमचाच फ्लेक्स बघून केली मी ती सही. त्याला आता इलाज नाही. कोच या सीझनपुरते राहतील. पुढचं नंतर बघू."

सर सीझनपुरते राहिले. उरलेल्या पाच मॅचेसपैकी दोन जिंकलो. पुढचं नंतर कुणी बघितलं नाही. सीझन संपला आणि सरांचा करार संपला. साहेब अजून आहेत. जर्सी आता जांभळी आहे.

क्लब सोडून जायच्या आधी सर दुकानात आले होते. मी चहा मागवला आणि धीर करून विषय काढला, की सर, त्या रविवारी फ्लेक्सचा घोटाळा झाला, त्यावर तुमच्याच बाजूचं लिहिलं होतं.

"मी वाचलं होतं रे," सर म्हणाले. "सकाळी गोलपोस्टला नेट लावायला आलो तेव्हाच. अगदी खाली जाऊन उभा राहिलो, चष्मा पुसून वाचलं."

"मग बोललात का नाही?"

"काय बोलू? एवढं बारीक लिहिलेलं बघून मला वाटलं, हिंमत तेवढीच असेल तुमची. दुपारी व्हीआयपीत बघितलं आणि खात्रीच पटली." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पण कासुर्डीला एकटा गेलास ते कळलं मला. राईट बॅकला असताना एवढा पुढे कधी आला नाहीस."

त्यांना हसू आलं. मी उगाच मशीन सुरू केलं.

तेव्हापासून मी आधी मॅटर बसवतो आणि उरलेल्या जागेत फोटो. त्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात जायला लागली आहेत. बाप्पूंच्या साठीचा फ्लेक्स परवा तिकडेच झाला. फोटो चांगला आलाय. कशाबद्दल आहे ते मला जवळ जाऊन वाचावं लागलं.