डाव्या कोपऱ्याची पकड

अर्धांगाच्या झटक्यानं माझा उजवा हात लुळा पडला. रियाधमध्ये मलाझ भागातल्या हॉस्पिटलात हाताचे व्यायाम करून घेणारा जो माणूस मिळाला, तो आमच्याच तालुक्याचा निघाला. दर वाक्यामागे 'लिहून घ्या' म्हणायची त्याला खोड. मी चौथी नापास, काय लिहिणार? पण हात सुधारला नाही तर कफील, म्हणजे ज्याच्या व्हिशावर मी इथं आलो तो मालक, मला गोदामातून काढून घरी धाडणार होता, म्हणून ऐकून घ्यायचो.

तालुक्याच्या कॉलेजच्या कबड्डी संघात मी डावा कोपरा सांभाळलाय. कॉलेजात नव्हतो, पण तेव्हा विचारतंय कोण! हा वीस वर्षांनी त्याच कॉलेजात शिकला.

"चाचा, आमच्या वेळचा डावा कोपरा झेप टाकून मांडी धरायचा. तुम्ही मातीत बसून नुसते घोटे चाचपायचात. लिहून घ्या."

"माझ्या हातून घोटा सुटलेला बघितलाय कोणी?"

"मग धरा."

असं म्हणून तो बूट काढायचा, मोजा घडी करून खिशात ठेवायचा आणि घोटा माझ्या लुळ्या हातात द्यायचा. मग 'कबड्डी कबड्डी' करत पाय ओढून न्यायचा आणि हसायचा. दोन महिने मी रोज हरलो, आणि रागानं खोलीवर त्याच हाताची मूठ आवळत बसलो.

परवा पाय सुटला नाही. त्यानं पलंगाला धरून खरा जोर लावला, तरी नाही.

"दम गेला, चाचा. सोडा."

"आता बोल, कोणाचा कोपरा भारी?"

"आमचाच!"

जन्मात मी कोणापुढे हार मानली नाही. त्याला म्हटलं, "असेल बाबा. तुझाच भारी."