पाखरामागचं खाजण

ज्या सकाळी मी भुईगाव सोडलं, त्या सकाळी पप्पा गाडीपर्यंत आले नाहीत. केळीला पाणी सोडायचंय म्हणाले. आई खिडकीशी रडत होती आणि मी दात आवळून गाडीत बसलो होतो. गाव सुटतंय याचं दुःख करायला संतापाने जागाच ठेवली नव्हती.

आमचं अर्धं खाजण, भरतीचं पाणी शिरणारी खाडीकाठची दलदल, भरावाखाली गेलं होतं. नव्वदच्या दशकातली माझी सगळी उमेद त्याच भरतीच्या चिखलात गेलेली. गुडघाभर गाळात तासन्‌तास बसून मी शेकाट्यांचे फोटो काढायचो. लांब तंगड्यांचं हे पाखरू उघड्यावरच अंडी घालतं. फोटोंना मुंबईत बक्षिसं मिळाली. पप्पा म्हणायचे, "पाखरू झकास आलंय रे, पण गाव कुठाय यात?" मी हसायचो. पाखरामागचं सगळं धूसर करायचं, हीच तर आमची कारागिरी.

मग डंपर आले. आम्ही तक्रार केली, सुनावणी लागली. बिल्डरचा वकील बेधडक म्हणाला, तिथे पाणी कधी नव्हतंच, पडीक जमीन होती. सुनावणी घेणाऱ्या सरकारी साहेबांच्या टेबलावर मी फोटो मांडले. त्यांनी एकेक पाहिला. "छान आहेत. पण हे इथलेच कशावरून?"

एकाही फोटोत चर्चचा मनोरा नाही, विजेचा खांब नाही, कुणाचं कौल नाही. ते सगळं मीच पुसलं होतं. तक्रार फेटाळली गेली. पण साहेबांना एकदा येऊन बूट भिजवायला काय झालं होतं? आणि जमिनी विकून तोंड शिवून बसलेले आमचेच लोक, रविवारी चर्चमध्ये मिस्साला पुन्हा पहिल्या बाकावर!

इथे कॅनडात मी लग्नांचे फोटो काढतो. घराजवळ एवढंसं तळं आहे. बदकांना त्रास देऊ नका, अशी पाटी लावलीय. ती वाचली की डोकं फिरतं.

परवा चुलतभावाचा फोन आला. उरलेल्या खाजणावरही डंपर लागलेत, आणि वकिलाचं तेच पालुपद. म्हणून गावातल्यांना आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना हात जोडून सांगतो, जुने अल्बम काढा. कम्युनियनच्या विधीला घातलेल्या पांढऱ्या फ्रॉकमधली पोर बांधावर उभी असेल, नवरानवरी असतील. वाकडे, डोकं कापलेले, कसेही चालतील. मागे पाणी दिसू दे, पाण्यामागे चर्च दिसू दे.

बक्षिसं मिळवलेल्या माणसाकडे स्वतःच्या गावाचा एक फोटो नाही. माझं घर आता तुमच्या फोटोंत, तुमच्या पाठीमागे उभं आहे. लवकर पाठवा, सुनावणी तोंडावर आलीय.