पाच नंबरची जोडी

माझ्या आत्याने आयुष्यातली एकतीस वर्षं माणसांची गुणसूत्रं कापली. हे ऐकून लोक दचकतात, म्हणून आधीच सांगते, ती कापायची ते फोटो.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रं नावाचे सेहेचाळीस बारीक धागे असतात. तेवीस जोड्या. जोडीतला एक धागा आईचा, एक बापाचा. डोळ्यांचा रंग कोणता, रक्तगट कुठला, असल्या हजारो गोष्टींच्या सूचना, म्हणजे जनुकं, त्या धाग्यांवर ओळीने बसलेली असतात. आत्याच्या काळी कॉम्प्युटर नव्हते. सूक्ष्मदर्शकातून एका पेशीचा फोटो काढायचा, तो मोठा छापायचा, त्यातला एकेक धागा कात्रीने वेगळा करायचा आणि पुठ्ठ्यावर जोडीने चिकटवायचा. सगळ्यात लांब जोडी एक नंबर, मग दोन, मग तीन. असा पुठ्ठा भरला की डॉक्टर तो बघून रिपोर्ट लिहायचे.

आत्या प्रयोगशाळेत गेली ती मात्र बाटल्या धुवायला. आजोबा शिंपी होते. त्यांची नजर गेली तसं दुकान बंद झालं आणि बावीस वर्षांची आत्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत लागली. चौथ्या महिन्यात फोटो कापणारे गृहस्थ बदली होऊन गेले. त्यांच्या टेबलावर न कापलेल्या फोटोंचा ढीग साचू लागला. आत्याने दोन आठवडे तो ढीग पाहिला आणि एका दुपारी धुतलेले हात पुसून कात्री उचलली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी भरलेला पुठ्ठा वर धरला. "हे कुणी केलं?"

"मी."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. ढीग साचला होता."

डॉक्टर तापट, पण माणूस न्यायाचा. त्यांनी पुठ्ठा उजेडात धरून नीट पाहिला. "ही दहा नंबरची जोडी नाही. बारा आहे."

"मग दहा नंबर कसा ओळखायचा ते सांगा."

त्यांनी सांगितलं. रंग दिल्यावर प्रत्येक धाग्यावर आडवे पट्टे उठतात, काही गडद, काही फिके, आणि प्रत्येक नंबरचे पट्टे वेगळे. आत्याने ते सगळे पाठ केले. तंत्रज्ञाची परीक्षा दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली. बाटल्या धुवायला दुसरं माणूस आलं आणि ती कात्रीच्या टेबलावर बसली ती बसलीच. प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत. पाठीमागे कात्रीबाई. तिला ते ठाऊक होतं आणि त्यात वावगं काही वाटत नव्हतं.

ती चाळिशीत असताना एक जोडपं तपासणीला आलं. नवरा गवंडी, बायको एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. चार वेळा दिवस राहिले होते आणि चारही वेळा तिसरा महिना पुरा व्हायच्या आत गर्भ पडला होता. दोघांचं रक्त घेतलं गेलं, प्रत्येकाच्या पाच पेशी कापून लावल्या गेल्या आणि रिपोर्ट निघाला. दोघंही व्यवस्थित.

रिपोर्ट न्यायला बायको आली, तिच्याबरोबर सासू. सासूने कागद हातात घेतला, तिथेच बाकावर बसून सुनेकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाली, "माझ्या मुलात काही नाही, हे आता छापूनच आलं. राहिलं कोण मग? पांढऱ्या पायाची आली, दुसरं काय!"

"सासूबाई, माझाही रिपोर्ट चांगलाच आहे की," सून म्हणाली.

"कागदावर."

आत्या समोरच्या काउंटरवर नोंद करत होती. तिला सगळं ऐकू आलं. संध्याकाळी त्या दोघांचे पुठ्ठे तिने फायलीतून परत काढले. मला ती नंतर म्हणाली होती, "दया वगैरे काही नव्हती गं. नवऱ्याचा पुठ्ठा लावतानाच मला खटकलं होतं आणि मी गप्प बसले होते. त्याची चीड आली."

खटकलं होतं ते पाच नंबरच्या जोडीत. एका धाग्याचं शेवटचं टोक जोडीदारापेक्षा किंचित वेगळं दिसत होतं. फिका पट्टा होता, पण जरा अरुंद. दुसऱ्या दिवशी ती पुठ्ठा घेऊन डॉक्टरांकडे गेली.

"धागे वाकडे पडतात, ताणले जातात," डॉक्टर म्हणाले. "हे मी तुम्हाला सांगायला हवं का? शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही."

"शितं पाच आहेत, डॉक्टर. पाचही पेशींत तेच टोक अरुंद आहे."

"योगायोग."

"कापड आकसलं तर दोन्ही बाह्या आकसतात. दर सदऱ्याची उजवीच बाही आखूड निघाली तर तो कापडाचा दोष नाही, कापण्याचा आहे."

"हे शिंप्याचं दुकान नाही!" डॉक्टर ओरडले. आत्या पुठ्ठा उचलून बाहेर आली आणि सरळ काचपट्ट्यांच्या कपाटाकडे गेली.

पुढचे नऊ दिवस तिने जेवणाची सुट्टी सूक्ष्मदर्शकाशी काढली. गवंड्याच्या जुन्या काचपट्ट्यांवर ती एकेक पेशी शोधायची, फोटो काढायची, छापायची आणि फक्त पाच नंबर कापायची. वीस पेशी झाल्या. विसांतही एक टोक अरुंद. मग तिच्या मनात आलं, इथलं थोडं गेलंय, तर ते गेलं कुठे? ती उरलेल्या बावीस जोड्यांची टोकं तपासू लागली. अकरा नंबरपाशी थांबली. अकराच्या एका धाग्याचं टोक तितकंच रुंद होतं, जितकं पाचचं अरुंद होतं.

तिने चाळीस जोड्या एका लांब पुठ्ठ्यावर लावल्या, वरच्या ओळीत पाच नंबरच्या, खालच्या ओळीत अकरा नंबरच्या, आणि पुठ्ठा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून उभी राहिली. बसा म्हणेपर्यंत ती बसायची नाही.

डॉक्टरांनी भिंग घेतलं. एकेक टोक तपासलं. "बसा," ते म्हणाले. मग म्हणाले, "दिसतंय खरं. पण एवढ्यावर मी सही करणार नाही. धागे फार आखडलेत. लांब धागे हवेत, पट्टे सुटे दिसतील असे. त्याला ताजं रक्त लागेल. आणि पहिला रिपोर्ट चुकला असं मलाच लिहावं लागेल." त्यांनी कागद ओढला. "पत्र देतो. पुन्हा नमुना हवा म्हणून."

पत्राला उत्तर आलं नाही. दुसरं पत्र गेलं, तेही तसंच. तेव्हा आत्या डॉक्टरांची परवानगी घेऊन, तिसरं पत्र पिशवीत घालून स्वतः निघाली. गवंडी एका अर्धवट इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर वीट लावत होता. खालून हाक मारली तर तो म्हणाला, "कामात आहे."

"मग मीच वर येते," आत्या म्हणाली आणि बांबूच्या शिडीला हात घातला. बेचाळीस वर्षांची बाई, पायात साध्या चपला. निम्म्यावर आल्यावर शिडी डुगडुगायला लागली तसा गवंडी घाबरून कठड्याशी आला. "अहो ताई, पडाल! थांबा, येतो मी!"

"आता थांबून काय उपयोग, धरा शिडी."

वर विटांच्या थप्पीवर बसून तिने दम घेतला आणि आजूबाजूला कुणी नाही हे पाहून पत्र दिलं. त्याने ते वाचलं. "एकदा चांगलं आलंय ना? पुन्हा कशाला? माझ्यात खोट काढायची आहे का?"

"ही भिंत तुम्ही ओळंबा लावल्याशिवाय सोडता का?"

"नाही."

"एकदा सरळ वाटली म्हणून?"

त्याने थापी खाली ठेवली. "घरात दुसऱ्या लग्नाचं चाललंय, ताई. मला नको आहे. पण आईपुढे मी काय बोलू? माझ्याकडे आहे काय बोलायला?"

"काय निघेल ते मी आत्ता सांगू शकत नाही. पण जे निघेल ते खरं असेल. एवढं तर असेल बोलायला."

तो शुक्रवारी आला. रक्त घेतलं, पेशी वाढायला ठेवल्या, आणि तिसऱ्या दिवशी बाटलीत बुरशीचा पांढरा पुंजका तरंगत होता. सगळं मुसळ केरात. मदतनीस मुलगी म्हणाली, "आता तो पुन्हा येतोय कशाला!" आत्याने बाटली टाकून दिली, उबवणीचं कपाट आतून स्वतः पुसून काढलं आणि पुन्हा त्या इमारतीवर गेली. या खेपेला गवंडी तिला पाहताच आपण होऊन खाली उतरला.

दुसरी बाटली स्वच्छ राहिली. पेशींची वाढ थांबवणारं औषध तिने नेहमीपेक्षा खूपच कमी वेळ ठेवलं, कारण ते जितका जास्त वेळ राहील तितके धागे आखडतात. पेशी थोड्या मिळाल्या, पण धागे लांब, पट्टे सुटे. आता वाद उरला नाही. पाच नंबरचं टोक तुटून अकरावर बसलं होतं आणि अकराचं पाचवर.

डॉक्टरांनी नव्या रिपोर्टवर सही केली. पहिला चुकला होता हे स्पष्ट लिहिलं. मग पेन आत्यापुढे धरलं. "तपासणी कुणी केली तेही लिहू. करा सही." तोवर कुठल्याही रिपोर्टवर तिचं नाव कधी आलं नव्हतं.

गवंडी, त्याची बायको आणि त्याची आई तिघं आले. डॉक्टर पट्टे आणि टोकं सांगू लागले, पण समोरच्यांचे चेहरे कोरेच राहिले. डॉक्टरांनी आत्याकडे पाहिलं.

"वह्यांच्या दोन जोड्या आहेत असं समजा," आत्या म्हणाली. "यांच्यात एका जोडीतल्या एका वहीची शेवटची पानं दुसऱ्या जोडीतल्या एकीला शिवली गेलीत आणि तिची हिला. पान एकही हरवलेलं नाही. म्हणून हे स्वतः धडधाकट आहेत. पण मुलाला देताना प्रत्येक जोडीतली एकच वही जाते. दोन्ही मूळच्या गेल्या तर मूल ठीक. दोन्ही अदलाबदलीच्या गेल्या तरी ठीक, यांच्यासारखंच. पण एक मूळची आणि एक बदललेली गेली, तर काही पानं कमी पडतात आणि काही दुप्पट होतात. मग ते पोट टिकत नाही. तुमचं चार वेळा तेच झालं असणार."

"म्हणजे माझ्यामुळे," गवंडी म्हणाला.

"तुम्ही काही केलं नाहीत. उंची जशी आली तसंच हे आलं."

"हे आलं कुठून?" सासूने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "कधी नव्यानेच होतं. कधी आई किंवा वडिलांकडून येतं. वडील आता नाहीत, त्यामुळे—"

सासूने बाही वर सरकवली. "माझं घ्या."

"मावशी, सक्ती नाही," आत्या म्हणाली.

"घ्या म्हणते ना."

आठवड्याने निकाल आला. म्हातारीच्या पेशींतही पाच आणि अकराची तीच अदलाबदल होती. आत्याने तिला एकटीलाच आत बोलावून सांगितलं.

"याच्या आधी माझे तीन गेले," म्हातारी म्हणाली. "सासू म्हणायची हिचं पोटच खोटं. नवऱ्याने दोनदा माहेरी नेऊन सोडलं. हा झाला तेव्हा कुठे घरात उभी राहिले. मला वाटायचं, मीच काहीतरी वाईट केलं असणार. चाळीस वर्षं वाटत होतं."

"काही केलं नव्हतंत."

"आणि तेच मी हिला बोलले."

ती उठली. बाहेर सून बाकावर बसली होती. म्हातारी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि बाकीचे रुग्ण बसलेले असताना, कुणाला ऐकू जाईल याची पर्वा न करता म्हणाली, "हे माझ्याकडून आलंय. तुझ्याकडून नाही. मी तुला जे बोलले ते माझं मला परत घेता येत नाही, पण यापुढे या घरात तुला कुणी बोललं तर गाठ माझ्याशी आहे."

सून लगेच गळ्यात वगैरे पडली नाही. ती म्हणाली, "घरी चला. पाय दुखत असतील." आणि पिशवी उचलली.

त्यानंतर आणखी एक पोट गेलं. ते मला सोडून सांगता येणार नाही, कारण आत्याने कधी सोडलं नाही. दवाखान्यात म्हातारी सुनेच्या उशाशी बसून होती आणि विचारायला आलेल्या शेजारणीला तिने दारातूनच परत पाठवलं. सुनेने मात्र ठरवलं होतं. "वाट आहे म्हणाल्या ना ताई? मग मी परत चालणार."

सहाव्या खेपेला तिसरा महिना ओलांडला. पाचव्या महिन्यात गर्भाभोवतीच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत आला, त्यात बाळाच्या पेशी असतात. तो पुठ्ठा आत्याने दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही. पाच नंबर अदलाबदलीचा होता. मग तिने अकरा कापला. तोही अदलाबदलीचा. एकही पान कमी नाही, एकही जास्त नाही. अगदी बापावर गेलेलं.

मुलगी झाली. वजन भरपूर, आवाज त्याहून भरपूर.

मुलगी तीन महिन्यांची असताना म्हातारी एकटीच प्रयोगशाळेत आली. आत्याला वाटलं, तब्येतीचं काही असेल.

"मला कागद हवाय," म्हातारी म्हणाली. "नातीसाठी. साध्या भाषेत. ती मोठी होईल तेव्हा मी नसेन, कदाचित तुम्हीही नसाल. तिचं एखादं पोट गेलं तर तिला कुणी काही बोलायच्या आधी तिच्या हातात हे असलं पाहिजे."

आत्याने कोरा कागद घेतला. डॉक्टरांना विचारून तिने सरळ, मोठ्या अक्षरांत लिहिलं: तुझ्या पाच आणि अकरा नंबरच्या गुणसूत्रांत टोकांची अदलाबदल आहे. हे तुला वडिलांकडून आणि त्यांना तुझ्या आजीकडून मिळालं. हा आजार नाही. मूल हवं असेल तेव्हा आधी डॉक्टरांना हा कागद दाखव. यात तुझी चूक नाही, कुणाचीच नाही.

म्हातारीने तो आत्याकडून वाचून घेतला. "माझं नाव घाला," ती म्हणाली. "नुसतं आजी नको. कुठली आजी ते कळलं पाहिजे."

आत्याने नाव घातलं, खाली स्वतःची सही केली आणि डॉक्टरांची आणायला उठली.