हवेत झाडलेली गोळी

“गोळी हवेत मारली म्हनता, मग माज्या टाकीत कशी घुसली?”

आगाशीच्या मालतीबाईंनी मला त्यांच्या केळीच्या वाडीतच अडवलं. मी तेव्हा एसीपी होतो. पोलिसाने गोळी झाडली की चौकशी लागते. ही माझ्याकडे आली होती. आमचे पीएसआय सावंत भरदुपारी याच वाडीतून पाण्याचा पंप पळवणाऱ्या चोरामागे धावले, एक राउंड फायर केला, चोर सापडला. रिपोर्टमध्ये त्यांनी लिहिलं होतं, ‘हवेत गोळीबार केला.’

पाण्याची टाकी जमिनीवरच होती. भोक माझ्या छातीच्या उंचीला. पलीकडच्या बाजूला भोक नव्हतं. टाकी रिकामी केली, तर गोळी तळाशी.

“तुम्ही तेव्हा कुठे होतात?” मी विचारलं.

“टाकीमागं. भांडी घाशीत.”

पाण्यानेच गोळी अडवली होती. टाकी भरलेली नसती तर?

डीसीपींना फोन केला.

“अहो, प्रेसनोट गेली,” ते म्हणाले. “जमीन उताराची असेल.”

“सर, वाडी सपाट आहे.”

“मग वारा?”

मी भोकाची उंची सांगितली. तेव्हा ते म्हणाले, “बरं, बघा.”

लॉकअपमध्ये चोर पायाला बँडेज बांधून बसला होता.

“पंप हातातून सटकला, पायावर पडला. मी कळवळून वाकलो आणि पाठीवरून गोळी गेली. साहेब, पंपानेच वाचवलं मला.”

पळणाऱ्या भुरट्या चोराचा जीव जाईल अशी गोळी कायद्याने झाडता येत नाही. सावंतांना हे पाठ होतं. मी समोर बसवल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

“सर, त्याच्या हातात लोखंडाचं काहीतरी दिसलं. घाबरलो.”

“पंप होता.”

“हो सर. तोच चोरला होता त्याने.”

मी जे होतं ते लिहिलं. सावंत सस्पेंड झाले, खात्याची चौकशी लागली. प्रेसनोट दुरुस्त करावी लागली. डीसीपी बरेच दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. आणि टाकी पुरावा म्हणून जप्त झाली.

मालतीबाई ऑफिसात आल्या. “चोरानं नेलेला पंप मिळाला. पोलिसांनी नेलेली टाकी कधी मिळनार?”

“कोर्टाचं काम संपलं की.”

“म्हंजे चोर बरा,” म्हणाल्या आणि निघून गेल्या.

पुढे गोळीबाराच्या प्रत्येक चौकशीत मी आधी भोक बघायचो. रिपोर्ट नंतर वाचला तरी चालतो.